जुनी गाडी, तिसऱ्याचा पत्रा, चौथ्याचाच नंबर

अमेरिकेत स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी आता पन्नाशीला टेकली आहेत. घराचं कर्ज फिटत आलंय, मुलं कॉलेजात गेलीत, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा रिकामी झालीय. या वयात माणसाला एकतर अध्यात्म सुचतं, नाहीतर १९६९ची शेवरले कमॅरो. पहिल्या वर्गासाठी ग्रंथसंपदा मुबलक आहे. हे मार्गदर्शन दुसऱ्या वर्गासाठी.

पाठ पहिला : आधी धंदा समजून घ्या

ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने १९६० आणि ७० च्या दशकांतल्या गाड्या खालून खाऊन टाकल्या. एखादी दुर्मीळ मसल कार अशी कुजते की शेवटी तिचं इंजिन, मालकीचा कागद आणि डॅशबोर्डावरची ओळख नंबराची प्लेट एवढंच धड उरतं. तिकडे ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत त्याच मॉडेलची साध्या इंजिनाची गाडी उभी असते. तिला कोणी विचारत नाही, पण पत्रा मात्र ठणठणीत. मग एखाद्या कल्पक माणसाला सुचतं, की पहिलीची प्लेट काढून दुसरीवर ठोकावी. सातबारा एकाचा, जमीन दुसऱ्याची. यालाच रीबॉडी म्हणतात.

मोह किती मोठा आहे हे प्लिमथ कुडा बघितली की कळतं. १९७० साली ४२६ हेमी इंजिनाच्या कन्व्हर्टिबल कुडा बनल्या जेमतेम १४. पुढच्या वर्षीच्या अशाच एका गाडीला २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरची बोली लागली. कुडासारख्या क्रायस्लर गाड्यांच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं आणि ‘आर’ म्हणजे हेमी. म्हणजे हेमी इंजिन बाजारातून आणून बसवता येतं, पण नंबरातला ‘आर’ विकत मिळत नाही. तो कुजलेल्या गाडीवरूनच उचलावा लागतो.

इथे एक भेद ध्यानात ठेवा, नाहीतर सज्जन माणसाशी भांडाल. साध्या गाडीला भारी गाडीचा वेश देऊन ‘ही नक्कल आहे’ असं सांगून विकणं हा प्रामाणिक व्यवहार. कुजलेली फरशी, मडगार्ड, डिकीचा पत्रा बदलणं ही दुरुस्ती. डायनाकॉर्न कंपनी तर पहिल्या पिढीच्या कमॅरोची अख्खी बॉडी नवी करकरीत बनवून देते, तिच्यातही काही वावगं नाही. वावगं आहे ते प्लेटीची बदली करून तोंड मिटून बसण्यात.

पाठ दुसरा : नंबर वाचा, पाठ करू नका

१७ अक्षरांचा नंबर १९८१च्या मॉडेलांपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा कारभार स्वतंत्र. १९६९च्या कमॅरोचा नंबर १३ अक्षरी. समजा सुरुवात ‘१२४३७९एन’ अशी आहे. १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कमॅरो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. पुढचे सहा आकडे अनुक्रमांक. २४ च्या जागी २३ असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली. मग बॉनेटखाली काहीही गुरगुरत असो.

आता गंमत पहा. त्या वर्षीच्या २०,३०२ कमॅरो ‘झेड २८’ होत्या, पण नंबरात झेड २८ चा उल्लेखच नाही. ‘नंबरावरून सिद्ध होतं, झेड २८ आहे’ असं विक्रेता म्हणाला, तर चहा संपवा आणि उठा.

पाठ तिसरा : रिव्हेटकडे टक लावून बघा

काचेतून, चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डावर ती प्लेट दिसते. जनरल मोटर्सने १९६५ पासून या प्लेटीसाठी खास रिव्हेट वापरले, ज्यांचं डोकं सहा पाकळ्यांच्या फुलासारखं. टॉर्च घेऊन बघा. साधा गोल रिव्हेट असेल, पाकळ्या झिजल्या असतील, प्लेटीच्या कडा उचकटल्यासारख्या वाकल्या असतील, तर थांबा. पण फुलं छान दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नका, कारण असे नवे रिव्हेट पाकिटात विकत मिळतात. चुकीचा रिव्हेट काहीतरी सांगतो. बरोबर रिव्हेट काहीच सांगत नाही.

पाठ चौथा : गाडीने लपवलेलं शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा पाठ, आणि कपडे खराब होतात म्हणून सगळ्यात जास्त वगळला जाणारा. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात, ते काम डोळ्यांपुढे आणा. प्लेट रिव्हेटवर असते, पण पत्र्यात ठोकलेला नंबर पत्र्याबरोबरच राहतो.

१९६९च्या कमॅरोत असा अर्धा नंबर बॉडीवर दोन ठिकाणी असतो. एक फायरवॉलवर, हीटरच्या ब्लोअरच्या झाकणामागे. दुसरा विंडशील्डच्या खाली, वायपरजवळची जाळी काढल्यावर दिसणाऱ्या पत्र्यावर. दोन्ही ठिकाणचे शेवटचे सहा आकडे प्लेटीशी जुळले पाहिजेत. कुडासारख्या क्रायस्लर गाड्यांत हा नंबर रेडिएटरच्या आधारपट्टीवर आणि विंडशील्डखालच्या पत्र्याच्या ओठावर असतो. रेडिएटरची पट्टी समोरून ठोकर लागल्यावर बदलली गेलेली असू शकते. तिथला नंबर नसणं म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. दोन्ही जागा कोऱ्या असतील तर मात्र योगायोगाला मर्यादा असते.

आता चोरही हा पाठ शिकलेला असतो. तो नंबर असलेला पत्र्याचा तुकडाच कापून आणतो आणि नव्या गाडीत वेल्ड करतो. म्हणून नंबर बघून झाला की नंबराच्या भोवती बघा. कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडत, त्याचे ओळीने छोटे गोल खळगे दिसतात. एकसलग वेल्डिंगची रेघ, ग्राइंडरचे ओरखडे, रंगाखाली पुट्टीचा थर, पत्र्याच्या मागच्या बाजूला जळल्याची निळसर झाक यांतलं काही दिसलं तर तो तुकडा पाहुणा आहे. खिशात छोटं चुंबक ठेवा. जाड पुट्टीवर ते चिकटायला कुरकुरतं.

पाठ पाचवा : तारखांची वंशावळ मांडा

कमॅरोच्या फायरवॉलवर आणखी एक प्लेट असते, बॉडी कधी बनली ते सांगणारी. ‘०४सी’ म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. इंजिनाच्या ओतीव ब्लॉकवरही तारीख असते: ‘डी १४ ९’ म्हणजे १४ एप्रिल १९६९. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं मोजत जा. काचांवर कोड, गिअरबॉक्सवर तारीख, मागच्या ॲक्सलवर तारीख. सगळी भावंडं गाडीपेक्षा थोडी आधी जन्मलेली हवीत. एप्रिलच्या गाडीत जूनचं इंजिन निघालं तर एकतर इंजिन बदललंय किंवा प्लेट. विक्रेत्याने कारखान्यातच काळ उलटा फिरला असं सांगितलं, तर त्याचं कौतुक करा, पैसे देऊ नका.

इंजिनावरचा ठोकलेला नंबर बघताना नंबरापेक्षा त्याखालची सपाट जागा बघा. कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा तिथे दिसतात. जागा आरशासारखी गुळगुळीत आणि नंबर तेवढा ताजा असेल, तर तो आता आता ठोकलाय.

पाठ सहावा : कागदांचा कस लावा

फोर्डवाल्यांना सोपं आहे: १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्ट म्हणून मिळते. पॉन्टिॲकसाठी पीएचएस नावाची संस्था जुन्या बिलांच्या प्रती देते. १९६४ आणि ६५ ची जीटीओ नंबरावरून ओळखताच येत नाही, तिथे हाच आधार. क्रायस्लरमध्ये कारखान्याचा बिल्ड शीट कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. शेवरलेवाल्यांच्या नशिबी मात्र बहुतांशी अंधार. कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद जनरल मोटर्स कॅनडाकडून मिळते, बाकीच्यांचं देव जाणे. म्हणूनच शेवरलेच्या बाजारात सुरस कथा जास्त ऐकू येतात. आणि जुन्यासारखी दिसणारी वॉरंटीची धातूची पट्टी, काचेवरचं किमतीचं स्टिकर, फेंडरवरचा टॅग, हे सगळं नव्याने बनवून मिळतं. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागदही पिवळाच होतो.

विक्रेत्याचे सुविचार, अर्थासह

‘पहिल्याच मालकाची, धान्याच्या कोठारात पडून होती.’ मागची ४० वर्षं कुठे होती ते विचारू नका.

‘प्लेट रंगाच्या वेळी काढली होती, परत लावली.’ परत याच गाडीला लावली असं तो म्हणालेला नाही.

‘ब्लोअरचं झाकण काढलं तर मोडेल.’ झाकण काढायलाच हवं.

‘अजून दोन जण बघून गेलेत.’ आणि दोघेही शहाणे निघाले.

पाठ सातवा : कायदा कोणाला पकडतो

गाडीचा ओळख नंबर जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघराज्याचा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण गुन्हा करणारा चार मालक मागे असतो आणि गाडी तुमच्या गॅरेजमध्ये. प्लेट संशयास्पद निघाली तर पोलीस गाडी जप्त करतात, आणि निष्पापाचीही करतात. कॅन्ससमध्ये एकाने १९५९ची कॉर्व्हेट रीतसर विकत घेतली. रिस्टोरेशनच्या वेळी तिची प्लेट काढून परत बसवलेली होती. नोंदणीच्या तपासणीत २०१७ मध्ये पोलिसांनी ती उचलली, आणि वर्षानुवर्षं खटला चालला. दुरुस्तीपुरती प्लेट काढलेली चालेल, असा बदल त्या राज्याने कायद्यात केला तो २०२२ साली. तिथे फसवणूक नव्हती, तरी मालकाची ही गत. खरोखरीच्या रीबॉडीत काय होईल ते सांगायला नको.

शेवटचा पाठ

वरचं सगळं पाठ झालं तरी तुम्ही तज्ज्ञ झालेला नाहीत; फक्त कुठे बघायचं ते कळलंय. तेव्हा त्या विशिष्ट मॉडेलवर आयुष्य घालवलेला तपासनीस शोधा, त्याची फी द्या, आणि लपलेले नंबर स्वतः त्याच्यासोबत उभं राहून बघा. तो तपासनीस विक्रेत्याने सुचवलेला नसावा. नंबर जुळले नाहीत तर पैसे परत, हे बयाणा देण्याआधी लेखी घ्या. या अटीला जो नाही म्हणेल त्याची गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. हेमीला मोजलेले पैसे हेमीलाच मिळाले पाहिजेत, प्लेटीला नव्हे.