स्कॅनर बदलणे आहे

हातात मावणारा डिजिटल स्कॅनर म्हणजे पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, रेल्वे आणि विमाने यांची बिनतारी बोलणी ऐकणारा, पण स्वतः एक अक्षरही न बोलणारा रेडिओ. प्रक्षेपणाची सोयच त्यात नसते. त्यामुळे सगळे ऐकून घेणारा आणि कधीच उलट उत्तर न देणारा घरातला तो एकमेव घटक ठरतो. अमेरिकेत तो उघड दुकानात मिळतो. भारतात बिनतारी यंत्र जवळ बाळगायला १९३३च्या कायद्याने परवाना लागे आणि नुसती आकाशवाणी ऐकायची तरी पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत, हे आठवणारी पिढी अजून हयात आहे. न्यू जर्सीला मुलाकडे गेलेले त्या पिढीतले आजोबा शेजाऱ्याच्या पोर्चवर पोलिसांचे बोलणे चाललेले ऐकून आधी दचकतात, मग खुर्ची जवळ ओढतात.

स्कॅनर बदलायची वेळ बहुधा तो बिघडल्यामुळे येत नाही. पूर्वी प्रत्येक ठाण्याची ठरलेली फ्रिक्वेन्सी असे; ती आत भरली की काम झाले. मग ट्रंकिंग आले. त्यात मोजक्या फ्रिक्वेन्सी सगळी खाती मिळून वापरतात. कोणत्या टॉकग्रुपचे, म्हणजे आपसात बोलणाऱ्या गटाचे, बोलणे या घडीला कुठे चालले आहे, हे एक कंट्रोल चॅनल अखंड सांगत असतो आणि स्कॅनर त्याच्या हुकमाबरहुकूम पळत असतो. त्यावर डिजिटलची भर पडली. सार्वजनिक सुरक्षेच्या रेडिओंसाठी पी-२५ नावाचे मानक १९८९पासून आखायला घेतले गेले. त्याच्या पहिल्या टप्प्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर एक संभाषण मावते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे फेज टूमध्ये, त्याच जागेत वेळ वाटून घेऊन दोन. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, फेज टूवर उडी मारली की कालपर्यंत बोलका असलेला स्कॅनर मुका होतो. मालक तो हलवून पाहतो, बॅटऱ्या बदलतो, त्याच बॅटऱ्या पुन्हा घालतो आणि रात्री जेवताना जाहीर करतो की नवा घ्यावाच लागेल. येथून तुलनेचा काळ सुरू होतो. तो किती चालेल याला धरबंद नाही.

उमेदवार फार नसतात, हे त्यातल्या त्यात बरे. फेज टू समजणाऱ्या हातातल्या स्कॅनरमध्ये वर्षानुवर्षे युनिडेन आणि व्हिसलर ही दोनच नावे पुन्हा पुन्हा येतात. युनिडेनच्या बीसीडी-४३६एचपीची मोठी सोय अशी की फ्रिक्वेन्सी भरायच्या भानगडीत न पडता पाच अंकी पिनकोड, म्हणजे तिथला झिप कोड, दाबायचा; मेमरी कार्डावरच्या यादीतून तो परिसरातले सारे काही शोधून बोलू लागतो. सारे काही याचा अर्थ येथे शब्दशः घ्यावा. दरोडा ऐकायला म्हणून कान टवकारून बसलेल्या माणसाला पहिला अर्धा तास शाळेच्या बसचे चालक, मॉलचे रखवालदार आणि रस्त्यावरचा बर्फ काढणारी माणसे ऐकू येतात. नको त्या सेवा बंद करता येतात, पण तोवर तिसऱ्या बसमध्ये राहिलेला डबा कोणाचा, याची उत्सुकता लागलेली असते.

व्हिसलरच्या टीआरएक्स-१ची ओढ वेगळी. खासगी कंपन्या आणि काही लहान गावे डीएमआर आणि एनएक्सडीएन या निराळ्या डिजिटल पद्धती वापरतात. युनिडेन त्या उलगडण्याची किल्ली वेगळे पैसे घेऊन देते, प्रत्येकीला साधारण पन्नास-साठ डॉलर. व्हिसलरने त्या फुकट दिल्या. काटकसरी मनाला हा हिशेब फार भावतो. मात्र नंतर त्या घराण्यात नवा स्कॅनर जन्माला आलेला नाही, आणि वारस नसलेल्या घराण्याचे यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न तुलनेच्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

तक्ता हा या काळातला मुख्य उद्योग होय. त्यात मेमरी, पडद्याचा रंग, बॅटरीचा प्रकार, वजन आणि किंमत हे रकाने हमखास असतात. ज्यावर सगळे अवलंबून असते तो रकाना मात्र सहसा नसतो, कारण त्याचे उत्तर यंत्रात नसून विकत घेणाऱ्याच्या पत्त्यात असते. त्याचे नाव सिमलकास्ट. मोठ्या काउंट्या एकच बोलणे, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी अनेक टॉवरवरून सोडतात. गणपतीत गल्लीच्या दोन टोकांना लावलेल्या कर्ण्यांतून एकच आरती लागली की मधल्या घरात एक ओळ दुसरीच्या पाठीवर आदळते, तसे हे आहे. दोन टॉवरचे सिग्नल किंचित मागेपुढे पोचतात, आकडे एकमेकांत मिसळतात आणि स्कॅनर गोंधळतो. गंमत अशी की सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसतात. पोलिसांच्या रेडिओला हा त्रास सहसा होत नाही, कारण त्याचा रिसीव्हर याच पद्धतीसाठी बांधलेला असतो. जुने स्कॅनर मात्र मुळात साध्या एफएमच्या रिसीव्हरवर डिजिटलचे ठिगळ लावून बनले. म्हणून दोन टॉवरच्या मध्ये राहणाऱ्याला आगीचा पत्ता सोडून बाकी सगळे ऐकू येते. टॉवरच्या पायथ्याशी राहणारा त्याच ४३६ची तोंड भरून स्तुती करतो. दोघेही खरे बोलत असतात, पण एकमेकांना खोटे ठरवतात.

यावर उतारा म्हणून युनिडेनने २०१८मध्ये एसडीएस-१०० आणला. त्यातला सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर लाटेचे चढउतार आणि तिची कला ही दोन्ही मोजतो, त्यामुळे मिसळलेले आकडे बरेचसे सोडवता येतात. किंमत साडेसहाशे-सातशे डॉलरच्या घरात. दोन्ही यंत्रे स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी ठेवून एकाच टॉकग्रुपला लावली की फरक दाखवावा लागत नाही: ४३६मधून ‘इंजिन... घर्र... मेपल... घर्र... धूर’, आणि एसडीएसमधून घराच्या नंबरासकट वाक्य. रंगीत पडद्यावर चुकलेल्या आकड्यांची मोजणीही दिसते. हा आकडा दाखवणे ही उत्पादकाची एकमेव दुष्ट कल्पना मानावी लागेल. कारण एकदा तो दिसला की माणूस आग ऐकायची सोडून आकडा शून्यावर आणायला यंत्र खिडकीभर फिरवतो. साध्या व्हीएचएफवर या यंत्राला आजूबाजूच्या लाटांचा उपद्रव होई, म्हणून पुढे फर्मवेअरमधून निरनिराळे फिल्टर आले. कोणता लावायचा याचा नियम नाही. सगळे लावून पाहायचे.

युनिकेशन कंपनीचे जी-४ आणि जी-५ हे पेजरही याच तुलनेत डोकावतात. ते अग्निशमन जवानांसाठी बनले आहेत आणि सिमलकास्टमध्ये फार चोख चालतात. फक्त ते स्कॅनर नाहीत. मोजक्या चॅनलवर निमूट बसून राहणे हा त्यांचा गुण, आणि भटकणे हाच ज्याचा छंद त्याला तो मानवत नाही. तीस-चाळीस डॉलरची यूएसबी कांडी लॅपटॉपला लावून हेच काम होते, असे सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याचे बरोबर असते, पण लॅपटॉप हातात धरून कोणी फेरफटका मारत नाही.

कायद्याकडे तुलना करणारे शेवटी वळतात. न्यू यॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर बाळगण्यावर बंधने आहेत. सेल्युलर फोनच्या फ्रिक्वेन्सी तर एप्रिल १९९४नंतर बनलेल्या यंत्रांत मुळातच बंद असतात. तरी डिसेंबर १९९६मध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याच्या गाडीतल्या स्कॅनरने प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे फोनवरचे खलबत पकडले. सहकाऱ्यांपैकी जॉन बेनर त्या वेळी मोबाइलवरून बोलत होते. जोडप्याने ते टेप केले, पुढल्या महिन्यात ते वर्तमानपत्रात झळकले आणि दोघांना प्रत्येकी पाचशे डॉलर दंड झाला. पोलीस ऐकणे हा छंद आहे आणि फोन ऐकणे हा खटला, एवढे त्यावरून नक्की कळते.

एन्क्रिप्शनचे मात्र आधी पाहावे. डेन्व्हरच्या पोलिसांनी २०१९मध्ये आपले बोलणे कुलूपबंद केले, न्यू यॉर्कच्या पोलिसांनी २०२३मध्ये सुरुवात केली. हे कुलूप कोणत्याही किमतीच्या स्कॅनरने उघडत नाही आणि उघडायला जाणे गुन्हा आहे. काउंटीची यंत्रणा कोणती, टॉकग्रुप उघडे किती आणि टॉवर कुठे, एवढे तीन प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारले तर तक्त्याची गरज उरत नाही. पण मग तुलनेची मजाही उरत नाही, म्हणून ते सहसा विचारले जात नाहीत.

नवा घरी आल्यावर जुना विकायचा असे ठरलेले असते. तो विकला जात नाही. रेल्वेचे बोलणे बहुतांशी अजून १६०-१६१ मेगाहर्ट्झवर साध्या एफएमने चालते, विमाने ११८च्या पुढे एएमवर बोलतात, हवामान खात्याचा आवाज १६२वर दिवसरात्र सुरू असतो, आणि हे सगळे जुन्या यंत्राला उत्तम कळते. रुळालगतचा डिटेक्टर मालगाडी पुढे गेली की यांत्रिक आवाजात आसांची संख्या आणि ‘दोष नाही’ असे सांगतो, तेही त्यात स्वच्छ येते. त्यासाठी जुन्याला फक्त नवी अँटेना लागते. अँटेनांची तुलना हा स्वतंत्र विषय असून त्याचा तक्ता याहून मोठा होतो.