मुख्यालयी राहणारा

बीड जिल्ह्यातील सरकारी नोकरदाराचा अभ्यास करू पाहणाऱ्याने आधी 'मुख्यालय' ही संकल्पना समजून घ्यावी. कर्मचाऱ्याची नेमणूक ज्या गावी झालेली असते ते त्याचे मुख्यालय होय. त्याने दिवसाप्रमाणे रात्रीही तेथेच असावे अशी शासनाची अपेक्षा असते आणि ती पुरी होत आहे असे धरून त्याला मूळ वेतनाच्या ठरावीक टक्क्यांनी घरभाडे भत्ता मिळतो. प्रत्यक्षात मुख्यालयाचे गाव आणि बीड शहर यांच्यामधल्या डांबरी पट्ट्यावर सकाळी एका दिशेने व सायंकाळी उलट दिशेने जाणारा जो वर्ग दिसतो, त्याला जिल्हाभर 'अप-डाऊन करणारे' म्हणतात. यात जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात, आरोग्य सेवक असतात, आणि ज्यांना गाव अजूनही भाऊसाहेब म्हणते ते ग्रामसेवक व तलाठीही असतात. शेवटच्या दोघांची पदनामे 2024 साली बदलून अनुक्रमे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी अशी झाली; पदनामाबरोबर मुक्कामही बदलावा असे मात्र त्या निर्णयात कोणाला वाचता आले नाही.

या वर्गाच्या वास्तव्याचे खरे ठिकाण शोधायचे तर ते गाडीत सापडते. मांजरसुंब्याच्या बाजूला जाणारे बार्शी नाक्यावर आणि गेवराईच्या बाजूला जाणारे जालना रोडवर उभे राहतात. एस.टी.ने जाणारे असतातच, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून मॅडम मंडळींचा एस.टी.वरील विश्वास बराच वाढलेला आहे. परंतु या संस्थेचा परिपक्व आविष्कार म्हणजे भागीदारीतली मोटार. चार-पाच जण मिळून वार वाटून घेतात, ज्याचा वार त्याची गाडी, आणि डिझेलचा हिशेब महिनाअखेरीस अशा काटेकोरपणे होतो की शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीलाही तो आदर्श ठरावा. पुढची जागा सेवाज्येष्ठतेने मिळते. नव्याने रुजू झालेल्याला मागे मधोमध बसावे लागते व तेथून सुटका होण्यासाठी त्याला कोणाच्या तरी सेवानिवृत्तीची वाट पाहावी लागते. संभाषणाचे विषय ठरलेले असतात: महागाई भत्त्याचा हप्ता, लातूरच्या शिकवण्यांची फी, आणि बदली. ऑनलाइन बदल्या सुरू झाल्यापासून या विषयाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. दुर्धर आजार किंवा अपंगत्वामुळे प्राधान्य मिळणारा 'संवर्ग एक', पती-पत्नी एकत्रीकरणाचा 'संवर्ग दोन' आणि दळणवळणाला कठीण म्हणून घोषित झालेले 'अवघड क्षेत्र' यांवर पाडळसिंगीच्या टोलनाक्यापासून गढीच्या फाट्यापर्यंत जो खल होतो, तो एखाद्या मीमांसकाला शोभेल.

हिवाळ्यात या प्रवासाला एक निराळी अडचण येते. कारखाने सुरू झाले की उसाने भरलेले जोड-ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात आणि मस्टरवरील वेळ व घड्याळातील वेळ यांचे अंतर वाढते. याच सुमारास वर्गातला पटही ओसरतो, कारण जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पोराबाळांसह पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघालेले असतात. एकाच जिल्ह्यातून होणारी ही दोन स्थलांतरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत: एकात कोयता, गोधड्या, भांडीकुंडी घेऊन माणूस सहा महिन्यांसाठी जातो आणि त्याचा भत्ता म्हणून आधी उचल घेतलेली असते, जी नंतर घामाने फेडावी लागते, दुसऱ्यात जेवणाचा डबा घेऊन माणूस आठ तासांसाठी जातो, आणि दमणुकीची तक्रार मात्र मुख्यतः दुसराच करतो.

आता तो संध्याकाळी ज्या घरी परततो त्या घराचा विचार केला पाहिजे. हे घर बहुधा शहरात नसते, शहराला लागून असते. धानोरा रोडला किंवा चऱ्हाटा फाट्याकडे पूर्वी जेथे ज्वारी डोलत असे, तेथे चुन्याच्या रेघा ओढून 'प्लॉटिंग' पडते. शेतजमिनीला अकृषिक परवानगी मिळालेली असेल तर तिला 'एन.ए.' म्हणतात, आणि मिळायची असेल तर 'एन.ए. होणारच आहे' असे म्हणतात. दीड गुंठ्यात, म्हणजे 1,633 चौरस फुटांत, पतसंस्थेच्या कर्जावर उभा राहिलेला हा बंगला मुलांच्या शिक्षणासाठी आणि 'सोयींसाठी' घेतलेला असतो. सोयींचे स्वरूप असे की नाली झालेली नसते, रस्ता मुरमाचा असतो, पहिल्या पावसात काळी माती चपलेसकट पाय धरून ठेवते, आणि माजलगाव धरणाचे वा पालीच्या बिंदुसरा तलावाचे पाणी नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येते. म्हणून बोअर, बोअर आटले की टँकर, आणि गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. ज्या गावात राहणे गैरसोयीचे म्हणून त्याने हे सारे केले, त्या गावात निदान पार असतो, सावली असते आणि हाक मारली तर ओ देणारा शेजारी असतो. एक खेडे सोडून त्याने पदरमोड करून दुसरे वसवले आहे, असे म्हटल्यास ते त्याला आवडणार नाही. कारण नव्या खेड्याला त्याने 'नगर' असे नाव दिलेले असते.

तरीही मुख्यालयावर त्याचे प्रेम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते प्रेम डिकीत मावते. माघात हुरडा, सुगीत तुरीची डाळ आणि ज्वारीचे कट्टे, दिवाळीच्या आगेमागे बालाघाटाच्या उतारावरची सीताफळे (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, ही माहिती तो पुण्याच्या पाहुण्यांना न चुकता पुरवतो) हे सर्व त्याच्या मार्फत शहरात येते. गावच्या दुधाला चव असते, हवा शुद्ध असते आणि माणसे साधी असतात, हे तो सायंकाळी प्लॉटवर खुर्ची टाकून ज्या तळमळीने सांगतो, ती पाहता त्याला तेथे राहण्यापासून कोणी अडवले आहे असाच ऐकणाऱ्याचा समज व्हावा.

शासनाने हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या निर्णयाने, शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य सेवक मुख्यालयी राहतात असा ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरवला. पुढे 2022 साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत लावून धरला, तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या आणि काही दिवस राज्यभर गुरुजी कोठे झोपतात हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. संघटनांच्या म्हणण्यात तथ्य होते: पुष्कळ गावांत भाड्याने देण्याजोगी खोली नाही आणि शासकीय निवासस्थान असलेच तर त्यात कडबा भरलेला असतो. विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य होते, आणि दोन्ही बाजू खऱ्या असल्या की महाराष्ट्रात जे होते तेच झाले. ठरावाचा एक छापील नमुना तयार झाला.

या ठरावाला गाव हरकत का घेत नाही, हे बाहेरच्या अभ्यासकाला कोडे वाटते. गावाने गुरुजींना नाव ठेवावे तर सरपंचाची मुले बीडला इंग्रजी शाळेत असतात, त्यांच्यासाठी सरपंचीणबाई तेथेच खोली करून राहतात, आणि सरपंचही सकाळी गावी येऊन सायंकाळी परततात. ज्या शेतकऱ्याने हरकत घ्यावी त्याने गुरुजींच्याच 'नगरा'त त्यांच्याच ओळखीने प्लॉटचा विसार दिलेला असतो. त्यामुळे ग्रामसभेच्या दिवशी ठराव मांडणारे, अनुमोदन देणारे आणि ज्यांच्याविषयी तो आहे ते, असे सगळे एकाच गाडीतून उतरतात, सर्वानुमते गुरुजी गावातच राहतात असे लिहून त्याखाली सह्या करतात, आणि उशीर झाला तर घाटात अंधार पडेल म्हणून सभा आवरती घेतात.