व्हेगासवाले भाऊजी

लॉस एंजेलिसच्या आसपास चार मराठी घरं असली की त्यांत एक व्हेगासवाले भाऊजी असतातच. भारतातून सासू-सासरे येवोत नाहीतर मेहुण्याचा मित्र, झोपेचं गणित जमायच्या आत पाहुणा गाडीत आणि गाडी लास व्हेगासच्या रस्त्याला. "विमानानं तासाभरात पोचतो म्हणे," असं कुणी म्हणालं की भाऊजींचा चेहरा उतरतो. सव्वाचारशे किलोमीटर मोहावी वाळवंट समजावून सांगायचं तर मग कुणाला?

पहाटे पाचला निघायचं ठरतं, सात वाजता निघतात. डिकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लग्नघराला पुरेल इतकं पाणी.

पहिला मुक्काम कॅलिको. 1881 साली चांदीच्या खाणींवर वसलेलं, पुढे चांदीचा भाव पडल्यावर ओस पडलेलं गाव. वॉल्टर नॉट नावाच्या गृहस्थानं 1951 मध्ये ते विकत घेऊन पुन्हा सजवलं. सासूबाई तिकिटाकडे बघतात. "ओस घरं बघायला पैसे? माझ्या माहेरी कोकणात अर्धी आळी अशीच आहे." भाऊजी ऐकत नाहीत. ते खाणीची माहिती देत पुढे गेलेले असतात.

झायझिक्सची पाटी दिसली की गाडीचा वेग कमी होतो. 1944 मध्ये कर्टिस स्प्रिंगर नावाच्या रेडिओवरच्या प्रवचनकारानं इथे सरकारी जागेवर आरोग्यधाम थाटलं आणि अक्सीर औषधं विकली. 1974 मध्ये सरकारनं त्याला हाकललं. "म्हणजे बुवाच की!" सासरे खूश. एवढ्या लांब येऊन ओळखीचं कुणीतरी भेटलं.

बेकरला 134 फुटी थर्मामीटर. 1913 मध्ये डेथ व्हॅलीत 134 फॅरनहाइटची नोंद झाली, म्हणून उंचीही तेवढीच. "म्हणजे 56.7 सेल्सिअस!" भाऊजी सासऱ्यांकडे बघतात. सासरे अकोल्याचे. ते रुमालानं मान पुसतात आणि म्हणतात, "असेल. पण कूलर लावला की भागतं."

व्हेगासच्या अलीकडे वाळवंटात भडक रंगांच्या शिळांचे सात उंच मनोरे आहेत. उगो रोंदिनोने या स्विस कलावंताचं 2016 चं काम. भाऊजी समकालीन कलेवर बोलू लागतात, तोवर सासूबाईंनी चपला काढून शेंदरी शिळेला हात जोडलेले असतात.

शहर आलं की मात्र भाऊजी गप्प. बेलाजिओचं कारंजं फुकट, ते दोनदा दाखवून होतं. बाकी सगळं दिव्यांनी आधीच उजळलेलं, त्यावर ते अधिक प्रकाश काय टाकणार? सासूबाईंना मशीनवर खेळायला वीस डॉलर देतात, "हरण्यासाठीच आहेत" असं बजावून. नऊ वाजता जांभई. "चला, उद्या हूवर धरण. 726 फूट!"

सासूबाई मशीनवरची नजर न काढता म्हणतात, "जावईबापू, तुम्ही झोपा हो. आम्हाला खोली माहीत आहे."