पंचाग्निसाधन

टेम्पभाऊ भेटला की तब्येत विचारत नाही. "टेम्प किती येऊन राहिलं?" एवढंच विचारतो. ज्याच्या घरी ग्राफिक्स कार्ड नाही अशा माणसाशी पुढे काय बोलावं, हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. कॉलनीतली पोरं त्याला टेम्पभाऊ म्हणतात आणि तो ही पदवी समजून मिरवतो.

असा एकतरी नग हल्ली प्रत्येक शहरात निघतो. पण पुण्या-नाशिकचे टेम्पभाऊ हौशी; नागपूरचा टेम्पभाऊ व्रतस्थ. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, नवतपा लागलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आणि हा वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, चार अग्नी पेटवून बसलेला. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर. पाचवा डोक्यावर आकाशात. पुराणातले ऋषी असे बसले की इंद्राचं आसन डळमळायचं. याचा फक्त एफपीएस डळमळतो.

खेळताना त्याच्याकडे नीट पाहा. नजर पडद्याच्या मध्यावर कधीच नसते. वरच्या डाव्या कोपऱ्यात आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅमनं केशरी आकड्यांची चळत लावलेली असते: तापमान, मेगाहर्ट्झ, वॅट, पंख्याचे फेरे. भाऊ ती वाचत असतो. गेम असतो 'रेड डेड रिडम्प्शन २', २०१९ साली पीसीवर आलेला. त्याची सुरुवात बर्फाच्या वादळात होते. दरोडेखोरांची टोळी डोंगरातल्या ओसाड खाणगावात अडकलेली असते. पहिला अध्याय संपला की बर्फ सरतं आणि हिरवी कुरणं लागतात म्हणे. टेम्पभाऊचा बर्फ अजून वितळलेला नाही. घोडा गुडघाभर बर्फातून वाट काढतोय, वरचा स्वार थंडीनं काकडलाय, आणि खुर्चीतला माणूस घामेजल्या बनियनमध्ये ओरडतो, "ब्याऐंशी झालं बे!" तेवढ्यात समोरून गोळी येते आणि नायक मरतो. भाऊला त्याचं सोयरसुतक नाही. नायक मेला की लोडिंग स्क्रीन येते, आणि लोडिंग स्क्रीनला कार्ड दोन अंश उतरतं.

ब्याऐंशीचा एवढा धसका का? तर पुढचा आकडा ८३ म्हणून. भाऊचं कार्ड आरटीएक्स ३०६०. १२ जीबी मेमरी, १७० वॅट. कंपनीनं कमाल मर्यादा ९३ अंश लिहून दिलेली आहे. पण ८३ च्या आसपास कार्ड स्वतःच सावरू लागतं. व्होल्टेज जरा कमी करतं, क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतं, पंखे जोरात फिरवतं. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. ७१ चा एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ६८ होतो, जो आकडा झाकून ठेवला तर खुद्द भाऊलाही कळणार नाही. पण त्याच्या लेखी हा घराण्याला लागलेला बट्टा. "त्याचं कार्ड थ्रॉटल होते म्हणते," हे तो दुसऱ्याबद्दल सांगतो तेव्हा आधी इकडेतिकडे पाहतो आणि मग आवाज उतरवतो.

या विषयाचा इतिहास त्याला तोंडपाठ आहे. २०१० चं जीटीएक्स ४८०: २५० वॅट, १०५ अंशांची मर्यादा, ज्याच्यावर अंडं तळण्याचे विनोद जगभर झाले. मग २०१९ चं एएमडीचं आरएक्स ५७०० एक्सटी, ज्याचा हॉटस्पॉट ११० अंशांवर गेला तरी ते ठरल्याप्रमाणेच आहे, असं कंपनीनं जाहीर केलं. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरचा सगळ्यात तापलेला बिंदू. तो नेहमीच्या आकड्याच्या दहा-पंधरा अंश वर असतो. हे कळल्यापासून भाऊची चिंता दुप्पट झाली, कारण आता पाहायला दोन आकडे मिळाले. आजीला १०१ ताप आला, तेव्हा सगळं घर गोळा झालं. भाऊनं मनातल्या मनात सेल्सिअस केलं आणि म्हणाला, "अडतीस? आजी, हे तर आयडल आहे." नंतर चेहरा गंभीर करून विचारलं, "पण हॉटस्पॉट किती?"

भाऊचे वडील कोराडीच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झाले. जन्मभर पाचशे अंशांच्या वरच्या वाफेशी संसार केलेला माणूस. त्याला ८३ या आकड्याचं काय कौतुक? एकदा त्यांनी डोकावून पाहिलं, तर पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरत होतं.
"हा कोणता गेम?"
"गेम नाही बाबा, फरमार्क आहे. टेस्ट."
"काय करते ते?"
"कार्ड तापवते."
वडील थोडा वेळ त्या कड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बॉयलरचं मेटल टेम्परेचर वाढलं की आम्ही लोड उतरवायचो आणि डबा खायला बसायचो. तुझं मशीन आपल्या मनानं उतरवते, तर त्याला उतरवू दे ना!"
भाऊला हे पटलं नाही. त्याच्या मते जुन्या पिढीला परफॉर्मन्सची कदर नाही.

खरी लढाई कूलरवरून होते. कार्डाचे पंखे हवा गार करत नाहीत, खोलीत आहे तीच फिरवतात. खोली २५ अंशांना असताना कार्ड ६८ ला राहत असेल, तर खोली ४० झाली की कार्ड ८३. हा सरळ हिशोब भाऊनं घरच्यांना कागदावर मांडून दाखवला आणि कूलरचं तोंड कॅबिनेटकडे वळवलं. तेव्हापासून वाळ्याच्या ताटीची गार, सुवासिक हवा आरटीएक्स खातं आणि घरचे वर्तमानपत्रानं वारा घेतात. जावईबापू भर दुपारी उन्हातून आले, रुमालानं मान पुसत कूलरकडे पाहू लागले. भाऊ अदबीनं म्हणाला, "पाच मिनिटं बसा भाऊजी, रन संपत आली आहे." पुढे कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की कूलरचे तुषार उडाले तर मदरबोर्डवर क्षार बसतात. मग कूलर आणि कॅबिनेटच्या मध्ये मच्छरदाणी आली. आता त्या घरात मच्छर माणसांना चावतात. कार्ड सुरक्षित आहे.

रविवारी शस्त्रक्रिया. जमिनीवर चादर, चुंबकी पेचकस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या काड्या. पंख्याच्या वायरी हळूच ओढून काढायच्या, चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू तिरपे तिरपे सैल करायचे, हीटसिंक किंचित पिळून उचलायचा. खाली जुनी पेस्ट वाळून राखाडी खपली झालेली. ती पुसली की चिप आरशासारखी लखलखते आणि भाऊ तिच्यात स्वतःचा चेहरा पाहून घेतो. पेस्ट थेंबानं लावावी, फुलीनं की रेघेनं, यावरून त्याचे दोन मित्र कायमचे तुटलेले आहेत. एकदा मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले. एक मिलिमीटरच्या जागी यानं दीड मिलिमीटरचे बसवले, "जाड म्हणजे चांगले" म्हणून. अर्ध्या मिलिमीटरनं हीटसिंक वर उचलला गेला, चिपला धड टेकेचना. गेम लावताच कार्ड नव्वदीला भिडलं. भाऊ रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नेमके पॅड आणून लावले, चार अंश उतरले, आणि कॉलनीतल्या पोरांना त्यानं स्वखर्चानं तर्री पोहे खाऊ घातले.

मौज अशी की मे महिन्यात सगळं नागपूर थ्रॉटल होतं. बारा ते चार शटरं अर्धी खाली, रिक्षावाले झाडाखाली, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. काही चौकांतले सिग्नलसुद्धा दुपारचे बंद ठेवतात. खुद्द भाऊ जेवणानंतर पन्हं पिऊन तास-दोन तास आडवा होतो. त्याला कुणी बट्टा म्हणत नाही. शहाणपण म्हणतात. एवढ्या शहरात भर दुपारी पूर्ण वेगानं चालायची सक्ती फक्त त्या एका कार्डावर आहे.

अखेर कॉलेजातल्या एका पोरानं त्याला सोपा उपाय दाखवला. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं, व्होल्टेजचा आलेख उघडला, पाऊण-एक व्होल्टच्या मध्ये कुठेतरी १८०० मेगाहर्ट्झवर रेघ आडवी केली आणि एफपीएस ६० ला बांधला. वॅट घसरले, पंखे गप्प झाले, भर नवतप्यात कार्ड ७१ वर स्थिर. पेस्ट नाही, स्क्रू नाही, छदाम खर्च नाही. कूलर पुन्हा माणसांकडे वळला आणि आईनं त्या पोराची दृष्ट काढली.

भाऊ दोन दिवस कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत बसला. ७१. ७१. ७१. करायला काही उरलंच नव्हतं. आता खेळावं लागणार, ही नामुष्की समोर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळी सेटिंग्ज मूळपदावर आणली. "असं बांधून ठेवलं तर कार्डाची ताकद कशी कळणार?"

डिसेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. बाहेर बोचरी थंडी, कार्ड साठीच्या खाली, पंखे निवांत. मी म्हटलं, "भाऊ, आता काय अडचण? संपवून टाक की तो गेम!"
भाऊनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थंडीत काय राजा," तो म्हणाला, "थंडीत कोणाचंही कार्ड चालते."