काकूंनी मोजलेला हात

फ्लॉरेन्सला निघण्यापूर्वी मी कलेच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक अर्धं वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर उफीझी संग्रहालयात शिरताच सहलीच्या मंडळींचं गाइडपद मी परस्पर घेऊन टाकलं. ‘‘सोपं आहे. मागे सोनं दिसलं की मध्ययुग, आकाश दिसलं की प्रबोधनकाळ.’’

सुरुवातीच्याच एका दालनात मरियमची तीन अवाढव्य चित्रं. चिमाबुए, दुच्चो, जोत्तो. तिन्हींच्या मागे सोनं. ‘‘मध्ययुग, मध्ययुग, मध्ययुग,’’ मी पाढा म्हटला.

सहलीतल्या एक काकू जोत्तोपाशी थबकल्या. ‘‘पण ही बाई बसलीय हो. त्या दोघी नुसत्या टेकवल्यात.’’

पाहतो तर खरंच. 1300 नंतरच्या दशकातल्या या मरियमचे गुडघे वस्त्राखाली जाणवतात, सिंहासनावर भार पडलेला कळतो. चिमाबुएचे देवदूत मात्र एकावर एक रचलेले. त्याला जमत नव्हतं असं नाही. त्याचं सोनं म्हणजे स्वर्ग, आणि स्वर्गात वजनाची चौकशी कोण करतो? हे मला तिथे सुचलं असतं तर! मी म्हणालो, ‘‘अपवाद असतात.’’

पुढे जेंतिले दा फाब्रिआनोचं चित्र आलं. बाळ येशूला वंदायला आलेले तीन राजे, साल 1423, आणि नखशिखान्त सोनं. त्यानंतर चार-पाच वर्षांतच याच शहरात माझाच्चोने सपाट भिंतीत खोल कमानदार दालन रंगवून दाखवलं. ‘‘मग हे कुठलं युग?’’ काकू. मी चष्मा पुसला.

शेवटी लिओनार्दो भेटला. विशीत रंगवलेलं, देवदूत मरियमला शुभवार्ता सांगतोय ते चित्र. आकाश, धूसर डोंगर, शिस्तीत मागे सरकणाऱ्या रेषा. माझा जीव भांड्यात पडला.

‘‘हिचा उजवा हात जरा लांबच नाही?’’

आता सगळी सहल हात मोजू लागली. चिमाबुएच्या मरियमचा हात कुणी मोजला नव्हता. जग हुबेहूब दाखवतो म्हणणाऱ्याचीच अशी झडती होते. चित्र उजवीकडून, खालून बघायचं असावं, मग हात बरोबर दिसतो, असं काही अभ्यासक म्हणतात. हे पुस्तकाच्या वाचलेल्या अर्ध्यात होतं! मी उजव्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसलो, मान वाकडी केली. रखवालदार धावत आला. त्याचं इटालियन मला कळलं नाही, हातवारे कळले.

‘‘उठा हो,’’ काकू म्हणाल्या, ‘‘मी पण वाकून बघितलं. लांबच आहे.’’