माळ्यावरचा किल्लेदार

पूर्वी प्रत्येक घराण्यात रेडिओ उघडून बसणारा एक जण असायचा. रेडिओ चालू असला तरी उघडायचा. आता त्याच्या जागी घरात सर्व्हर पाळणारा माणूस आला आहे. हा दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो आणि त्यापायी वैतागतो. घरी येऊन हातपाय धुतले, की स्वतःच्या सर्व्हरपुढे बसतो आणि तेच काम हसतमुखानं करतो. आमच्यात हा मान ताईच्या नवऱ्याकडे आहे.

भावजींचा सर्व्हर म्हणजे कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, जुन्या बाजारातून आणलेला डेस्कटॉप. कोथरूडच्या टू बीएचकेत त्याला जागा मिळाली ती माळ्यावर, पितळी पातेली आणि गणपतीचं मखर यांच्या मधोमध. त्या एका डब्यात भावजींनी पाच व्हर्च्युअल मशीनं उभी केली आहेत आणि पाचांना गडांची नावं दिली आहेत. सिंहगडावर सिनेमे, तोरण्यावर फोटो, राजगडावर घरातले दिवे-पंखे, प्रतापगडावर बॅकअप, आणि पुरंदरवर जाहिराती अडवणारा डीएनएस. जेवताना भावजी मोबाइल बघून “पुरंदर पडला” म्हणाले, की त्यांचे वडील घास हातात धरून थांबतात. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक.

“कधी?”

“आत्ता. साडेआठला.”

लिनक्सवर केव्हीएम बसवलं, की अशा मशीनांना नेट मिळायला काहीच करावं लागत नाही. १९२.१६८.१२२ नं सुरू होणारे पत्ते आतल्या आत वाटले जातात आणि बाहेर जाताना सगळी यजमान मशीनच्याच पत्त्यावरून जातात. याला नॅट म्हणतात. आयतं मिळतं, चालतं, म्हणूनच भावजींना खपत नाही. तक्रार तशी रास्त आहे. आतलं मशीन बाहेर जाऊ शकतं. पण हॉलमधला टीव्ही सिनेमा शोधायला निघाला, तर त्याला सिंहगड दिसतच नाही. पोर्ट फॉरवर्ड करता येतो, पण त्यात भावजींना मिंधेपणा वाटतो. प्रत्येक गडाला राउटरनं स्वतःचा, स्वतंत्र पत्ता दिला पाहिजे! त्यासाठी ब्रिज हवा. ब्रिज म्हणजे यजमान मशीनमधला सॉफ्टवेअरचा स्विच; खरं नेटवर्क कार्डही त्याला जोडायचं आणि गडही त्यालाच जोडायचे. (भावजींच्या दारावर अजून वडिलांच्या नावाची पाटी आहे आणि त्यांची पार्सलं वॉचमन ‘सरांच्या मुलाचं’ म्हणून देतो. नॅटचा एवढा राग कुठून येतो, हे मला त्या पाटीपाशी उभं असताना कळलं.)

पहिली अडचण वाय-फायची. हॉलमधून वायर जाणार नाही, असं ताईनं बजावलं होतं. पण वाय-फायवर ब्रिज जमत नाही. ज्या हार्डवेअर-पत्त्यानं नोंदणी झाली त्याचंच बोलणं राउटर ऐकून घेतो. त्याच्यामागून आणखी पाच जण बोलायला लागले, तर दाद देत नाही. भावजी गणपतीपर्यंत गप्प राहिले. मखराच्या रोषणाईच्या माळांबरोबर एक निळी वायरही भिंतीवरून गेली. विसर्जनानंतर माळा उतरल्या.

मग रविवारची रात्र. ब्रिज करताना कार्डाचा आयपी पत्ता काढून ब्रिजला द्यायचा असतो. भावजी हे काम सोफ्यावर बसून, लॅपटॉपवरून, त्याच कार्डातून आत शिरून करत होते. नेटवर्कची ही मांडणी ज्यात लिहायची, त्या नेटप्लॅनमध्ये यावर उपाय आहे: बदल ‘ट्राय’ करून बघायचा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी मांडणी परत येते. ऑफिसातल्या नव्या पोरांना हे भावजीच शिकवतात. स्वतः मात्र थेट ‘अप्लाय’ करतात. पत्ता कार्डावरून निघाला. ब्रिजवर बसायला हवा होता, पण फाइलमध्ये दोन स्पेस कमी पडल्या होत्या. लॅपटॉप गप्प झाला. पुरंदरही तुटला, म्हणजे डीएनएस गेला, म्हणजे घरातलं सगळं नेट गेलं. सासूबाईंच्या मालिकेत सून दार उघडत होती, ती तशीच अर्ध्या दारात राहिली.

शिडी आली. मॉनिटर माळ्यावर गेला. ताईनं खालून टॉर्च धरला.

“तीस सेकंद थांब,” वरून आवाज आला. “एसटीपी चालू आहे. पोर्ट आधी पंधरा सेकंद ऐकतं, मग पंधरा सेकंद शिकतं, मगच बोलतं.”

“असं स्थळ आम्हाला कुणी दाखवलं नाही,” ताई म्हणाली.

भावजींना अशा वेळी ऐकू येत नाही. ते रॅडिया पर्लमनची गोष्ट सांगायला लागले होते. नेटवर्कमध्ये रिंगण झालं तर निरोप गरगरत राहतात. ते टाळायची ही रीत या बाईंनी १९८५ मध्ये काढली आणि वर त्यावर एक कविताही केली.

“वृत्तात आहे का?” सरांनी विचारलं.

तीस सेकंद झाली, साठ झाली. ब्रिज उभा, पत्ता बरोबर, राउटर दिसतोय, सर्व्हरवर नेटही आलं, पण गडांवर कुणी पोचत नव्हतं. दोष डॉकर नावाच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा होता. त्याच मशीनवर डॉकर असला तर तो फायरवॉलमध्ये पुढे पाठवायची वाटच बंद करून ठेवतो आणि ब्रिजवरची ये-जाही तिथंच अडते. हे सापडलं तेव्हा दूधवाला येऊन गेला होता. भावजींचा चेहरा इतका प्रसन्न मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि तेव्हा ते बरेच प्रसन्न होते.

सकाळी राउटरच्या यादीत पाचही गड आपापल्या पत्त्यांनिशी हजर. सरांनी चष्मा लावून यादी वाचली.

“यात रायगड कुठं आहे?”

“तो राखून ठेवलाय, बाबा. राजधानीला मशीन तसंच पाहिजे. चौसष्ट जीबी रॅम, दोन नेटवर्क कार्डं...”

“कितीला?” स्वयंपाकघरातून आवाज आला.