पाचपट कोंबडी आणि न सापडलेला कण

न्यूझीलंडच्या कुठल्याही संग्रहालयात मोआचा सांगाडा दिसला की आधी त्याचे पाय बघावेत. मान ताणली तर साडेतीन मीटरपर्यंत पोचणारा हा आता नामशेष झालेला पक्षी. मोठ्या जातीची मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरे. पंखांचा मागमूस नाही, डोकं इवलंसं आणि पाय मात्र अवाढव्य जाड. दोन किलोंची कोंबडी जशीच्या तशी पाचपट मोठी केली, तर वजन सव्वाशेपट होऊन मोआच्या घरात जातं, पण पायाच्या हाडाची रुंदी-जाडी मिळून ताकद वाढते पंचवीसपटच. बिचारी पहिल्या पावलालाच बसेल. गॅलिलिओनं 1638 साली तिप्पट लांब हाडाचं चित्र काढून हेच समजावलं होतं.

त्याच देशातल्या किवीनं मात्र प्रमाणाशी उघड वैर धरलं आहे. कोंबडीएवढी मादी, आणि अंडं तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. आपल्याकडच्या बाळंतिणींनी तिला दुरूनच हात जोडावेत.

किवीचा अपवाद सोडला, तर मोआच्या पायांवरून कळतं, की निसर्गाकडे मापाची पट्टी आहे. गंमत अशी, की पदार्थविज्ञानातल्या काही फार सुंदर समीकरणांकडे ती नाही. रिकाम्या अवकाशातली मॅक्सवेलची समीकरणं घ्या. लाट किलोमीटरभर लांब असो की अणूहून आखूड, नियमात काडीचा फरक पडत नाही. या गुणाला मापनिरपेक्षता म्हणू. हर्मान वाइल या गणितज्ञाला 1918 मध्ये त्याचा असा मोह पडला, की त्यानं गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच त्यावर उभारायला घेतला. आइनस्टाइननं कौतुक केलं आणि लगेच खोडही काढली : असं असेल तर अणूचा वर्णपट तो अणू कुठून कुठून फिरून आला यावर ठरेल, आणि तसं तर दिसत नाही. हायड्रोजनचा अणू वेलिंग्टनचा असो वा वाईचा, मापाला सारखाच.

ऑकलंडमध्ये गणपतीच्या महाप्रसादाचा मसालेभात करणाऱ्या कुठल्याही काकूंना मापानं फरक पडतो हे सांगावं लागत नाही. पंधरा पानांचं प्रमाण दीडशेला दसपट करून चालत नाही हे त्या जाणतात. तांदूळ दसपट घेतात, पण पाण्याला हात आखडता, कारण मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानानं कमी जाते. दसपट पाणी ओतणाऱ्या उत्साही स्वयंसेवकाच्या हातून मग मऊ खिचडी होते आणि ती ‘मुद्दाम केली’ म्हणून वाढावी लागते.

मग समीकरणांत नसलेली पट्टी जगात आली कुठून? मापनिरपेक्षता ही एक सममिती आहे, आणि सममिती आपसूक मोडली, तर ती मागे एक कण ठेवून जाते, असं जेफ्री गोल्डस्टोननं 1961 मध्ये मांडलं. मापनिरपेक्षता अशी मोडली तर मागे राहायला हवा तो डायलेटॉन. सममिती मुळात पक्की असेल तर तो वस्तुमानशून्य; थोडी कच्ची असेल तर हलकासा. कागदावर तो कित्येक दशकं सुखानं नांदतो आहे.

यात आपल्याला काय, असं विचारणाऱ्यांनी शंभर डॉलरची न्यूझीलंडची नोट काढावी. (माझ्या खिशात ती क्वचित टिकते.) तिच्यावर 1871 साली नेल्सनजवळच्या ब्राइटवॉटरला जन्मलेला रदरफर्ड आहे. त्यानं अणुकेंद्र दाखवलं, प्रोटॉन ओळखला. त्या प्रोटॉनच्या वजनातला फार थोडा भाग मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राच्या (हिग्ज बोसॉन हा त्याच क्षेत्राचा कण) खात्यावर जातो. बाकी बहुतेक सगळं आतल्या क्वार्क-ग्लुऑनांच्या ऊर्जेचं. त्यांची समीकरणं मुळात जवळजवळ मापनिरपेक्ष असतात, पुंजनियम लावले की ती निरपेक्षता टिकत नाही आणि वजन प्रकटतं. दिवाळीनंतर काट्यावर जे दिसतं, त्याचा दोष हिग्जला देण्यात अर्थ नाही.

4 जुलै 2012 रोजी सर्न प्रयोगशाळेत नवा कण जाहीर झाला, तेव्हा काहींनी शंका काढली, की हा हिग्ज कशावरून, डायलेटॉन कशावरून नव्हे? दोघांचीही रीत एकच : जो जड, त्याच्याशी सलगी जास्त. पुढे त्याचे गुण बारकाईनं मोजले गेले, ते हिग्जशी जुळले, आणि डायलेटॉन पुन्हा उमेदवारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ते मोजमाप करणाऱ्या सीएमएस प्रयोगात ऑकलंड आणि कँटरबरी विद्यापीठांची माणसंही होती.

हार्वर्डचे हॉवर्ड जॉर्जी 2007 मध्ये आणखी पुढे गेले. मापनिरपेक्षता मोडलीच नसेल असा एखादा कप्पा जगात दडला असेल, तर त्यातून निसटणारी ऊर्जा न दिसणाऱ्या कणांच्या अपूर्णांकी संख्येसारखी भासेल. म्हणजे एक नाही, दोन नाही, पावणेदोन कण! पावकी-निमकी, अडीचकी-औटकी घोकून मोठ्या झालेल्या आपल्या आजोबांना यात नवल वाटलं नसतं. सीएमएसनं हेही शोधून पाहिलं. पावभरही हाती लागलं नाही.

आता प्रश्न उरतो तो डायलेटॉनची वाट किती बघायची. न्यूझीलंडकडे याचे दोन दाखले आहेत. 1993 मध्ये डोंगरातल्या एका हॉटेलमालकानं जिवंत मोआ पाहिल्याचं सांगितलं आणि पुरावा म्हणून धूसर फोटो दाखवला. त्यानं कुणाचं समाधान झालं नाही. टाकाहे नावाचा निळा-हिरवा पक्षीही 1898 नंतर नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते. इन्व्हरकार्गिलचे डॉक्टर जेफ्री ऑर्बेल यांना ते पटेना. मर्चिसन डोंगरात त्यांना अनोळखी पावलांचे ठसे दिसले, म्हणून ते पुन्हा गेले आणि 20 नोव्हेंबर 1948 ला टाकाहे समोर उभा.

सव्वादोनशे किलोंचा पक्षी झुडपामागे फार काळ लपत नाही. हलक्या आणि भिडस्त कणाला ती सोय असते. म्हणून डायलेटॉनचं नाव मी मोआच्या यादीत इतक्यात घालणार नाही. पण टाकाहेच्या यादीत घालायला आधी निदान पावलांचे ठसे हवेत, आणि ते अजून कुणाला दिसलेले नाहीत.